घरपट्टीची फेरआकारणी: तळाच्या आकड्याआधीचे रकाने वाचा

घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस दारात आली की नजर आधी तळाच्या आकड्यावर जाते. गेल्या वर्षापर्यंत तेवीसशे होते, आता चार हजार कसे? शेजारी विचारपूस होते, नगरसेवकाला फोन जातो, कोणीतरी मोर्चाची भाषा करतो. आठवड्याभरात विषय मागे पडतो आणि नोटिशीवर छापलेली हरकतीची तारीख उलटून जाते. पुढे बिल येते तेव्हा फारसे काही हातात उरलेले नसते. गावोगावी दर फेरआकारणीला हेच घडते. त्यात सर्वांत जास्त नुकसान होते ते ज्यांच्या घराची नोंदच चुकलेली आहे त्यांचे, आणि अशी घरे थोडीथोडकी नसतात.

तळाचा आकडा कुठून येतो ते आधी पाहू. घरपट्टी म्हणजे घराचे ठरवलेले मूल्य गुणिले कराचा दर. हे दोन निर्णय वेगवेगळे आहेत; ते वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या लोकांकडून होतात. मूल्य ठरते मोजमापावरून, आणि फेरआकारणी होते ती मूल्याची. दर म्हणजे टक्केवारी. ती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी ठरते. महापालिकांच्या कायद्यात पुढच्या वर्षीच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत असे बंधन आहे. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत वर्तमानपत्रात ‘मिळकतकरात इतके टक्के वाढ प्रस्तावित’ अशी बातमी येते ती दराची असते, आणि ‘तुमच्या मिळकतीचे करयोग्य मूल्य असे ठरविण्यात येत आहे’ असा कागद घरी येतो तो मूल्याचा. दराविरुद्धची तक्रार मूल्याच्या सुनावणीत केली, तर समोरचा अधिकारी ‘हा माझा विषय नाही’ एवढेच सांगू शकतो, आणि त्याचे ते म्हणणे बरोबर असते.

महाराष्ट्रात नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा कारभार १९६५च्या अधिनियमाने चालतो, बहुतेक महापालिकांचा १९४९च्या अधिनियमाने, आणि मुंबईचा त्याहून जुन्या, १८८८च्या अधिनियमाने. पहिल्या दोन्ही कायद्यांत कल्पना एकच आहे. आकारणीची यादी दरवर्षी नव्याने करायची गरज नाही, पण चार वर्षांतून एकदा ती नवी व्हायला हवी. म्हणूनच नगरपरिषदेच्या भाषेत हिला ‘चतुर्थ वार्षिक आकारणी’ म्हणतात. मधल्या काळात कोणी मजला चढवला, पडवी बंद करून खोली केली किंवा घर पाडले, तर तेवढ्यापुरती नोंद वर्षाच्या मध्येही बदलता येते. पाडलेल्या बांधकामाची खबर मालकाने स्वतः द्यावी हे बरे, नाहीतर नसलेल्या खोलीची पट्टी वर्षानुवर्षे चालू राहते.

मूल्य मोजण्याची जुनी आणि अजूनही बहुसंख्य शहरांत चालणारी पद्धत भाड्यावर आधारलेली आहे. तुमचे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज म्हणजे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्ती-देखभालीपोटी १० टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर टक्केवारीने कर लागतो. घर खरोखर भाड्याने दिले आहे की नाही, हा प्रश्न इथे मुळात येत नाही. अंदाज ‘येऊ शकेल’ अशा भाड्याचा असतो.

हा अंदाज प्रत्येक घरासाठी स्वतंत्र काढत नाहीत. गावाचे झोन पाडतात, बांधकामाचे प्रकार ठरवतात (आर.सी.सी., लोड बेअरिंग, साधे विटामातीचे, पत्र्याचे, कौलारू), वापर पाहतात आणि प्रत्येक गटाला दर चौरस फुटाला किंवा चौरस मीटरला दरमहा इतके रुपये असा भाड्याचा दर लावतात. मग उरते फक्त क्षेत्रफळ. ते पाहणी करणारा माणूस मोजून नेतो. पूर्वी पालिकेचा कर निरीक्षक फीत घेऊन यायचा. आता अनेक ठिकाणी खासगी एजन्सीची मुले लेझर मीटर आणि टॅब घेऊन येतात, आणि ड्रोनच्या छायाचित्रांवरून, जीआयएस नकाशावरून छपरांचे आकार जुळवले जातात. यातून पूर्वी नोंदीतच नसलेली बरीच बांधकामे सापडतात आणि ते चांगलेच आहे. पण छायाचित्रात दिसते ते छप्पर. त्याखाली जिना आहे, बाल्कनी आहे की राहती खोली, ते छपरावरून कळत नाही. घर बंद असेल तर मुलगा बाहेरूनच अंदाज टिपून पुढच्या घरी जातो, आणि तोच अंदाज पुढची चार वर्षे तुमच्या नावावर राहतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्याही गावाचे नाहीत. तालुक्याच्या गावात ६०० चौरस फुटांचे आर.सी.सी. घर आहे आणि त्या झोनमध्ये राहत्या घराचा दर दरमहा चौरस फुटाला दीड रुपया आहे. वर्षाचे भाडेमूल्य होते १०,८०० रुपये. १० टक्के, म्हणजे १,०८० वजा केले की करयोग्य मूल्य ९,७२०. सगळे कर मिळून ३५ टक्के धरले तर घरपट्टी ३,४०२ रुपये. आता पाहणीत चटई क्षेत्राऐवजी बाहेरून भिंतींसकट मोजून ७२० चौरस फूट लिहिले गेले. भाडेमूल्य १२,९६०, करयोग्य मूल्य ११,६६४, आणि पट्टी ४,०८२. एका चुकीच्या आकड्याने वर्षाला ६८० रुपये, चार वर्षांत २,७२० रुपये.

क्षेत्रफळापेक्षाही महाग पडते ती वापराची चूक. त्याच घराच्या रस्त्याकडच्या १२० चौरस फुटांच्या खोलीला शटर आहे. पूर्वी तिथे किराणा दुकान होते. दुकान बंद झाले आणि आता तिथे आजीची खाट आहे. पण पाहणीच्या कागदावर शटर दिसले म्हणून ‘वाणिज्य’ असे लिहिले गेले. वाणिज्य दर तिप्पट, साडेचार रुपये धरला, तर ४८० फुटांचे ८,६४० आणि १२० फुटांचे ६,४८० मिळून भाडेमूल्य १५,१२० होते. करयोग्य मूल्य १३,६०८ आणि पट्टी ४,७६३ रुपये. शिवाय व्यावसायिक वापर म्हटला की रोजगार हमी कर लागतो, जो राहत्या घराला नसतो. अशा माणसाने ‘घरपट्टी भरमसाट वाढवली’ असा अर्ज दिला तर तो शेकडो अर्जांच्या गठ्ठ्यात जातो. ‘माझ्या घरातील दर्शनी खोली राहत्या वापरात आहे, दुकान नाही, तिथे दुकान परवाना नाही, वीजजोडणी घरगुती आहे, स्थळपाहणी करावी’ असा अर्ज दिला, तर अधिकाऱ्याला त्यावर निर्णय द्यावा लागतो. हरकत अशी नोंदीवर घ्यायची असते. म्हणून नोटीस वरून खाली वाचावी: मालकाचे आणि भोगवटादाराचे नाव, झोन, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, वापर, प्रत्येक मजल्याचे क्षेत्रफळ, भाड्याचा दर. हे सातही रकाने बरोबर असतील तर तळाचा आकडा बहुधा बरोबरच असतो, मग तो कितीही जड वाटो.

भाड्यावरची ही पद्धत वरवर सरळ दिसते, पण तिने मोठ्या शहरांत एक खोल अन्याय रुजवला. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४०च्या पातळीला बांधून ठेवली. पुढे १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने देवान दौलतराय कपूर खटल्यात निर्वाळा दिला की भाडेनियंत्रण जिथे लागू आहे तिथे करासाठीचे मूल्य प्रमाण भाड्यापलीकडे नेता येणार नाही. कायद्याने घेता येत नाही ते भाडे ‘वाजवी अपेक्षित’ कसे ठरेल? युक्तिवाद बिनतोड होता. पण परिणाम असा झाला की दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या रस्त्यावरची पागडीची प्रशस्त जागा नाममात्र कर भरत राहिली आणि दूर उपनगरात कर्ज काढून घेतलेल्या नव्या, लहान फ्लॅटवर तिच्या कितीतरी पट कर बसला. शहरांच्या भाडेनियंत्रण नसलेल्या भागांतही वेगळ्या वाटेने हेच झाले. नव्या इमारतींना नवे दर लागत गेले, जुन्यांचे दर कोणी हलवले नाहीत. एकाच गल्लीत, सारख्याच आकाराच्या दोन घरांच्या पट्टीत मोठी तफावत दिसते तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

यावर उपाय म्हणून मुंबई महापालिकेने १ एप्रिल २०१०पासून भांडवली मूल्याची पद्धत आणली. इथे भाड्याचा अंदाज नाही, तर जागेच्या किमतीचा आहे. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे रेडी रेकनरमधला दर घ्यायचा, त्याला वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि मजला यांचे भारांक लावायचे आणि क्षेत्रफळाने गुणायचे. दर पाच वर्षांनी हे मूल्य सुधारायचे. जुन्या पद्धतीतून नव्यात येताना धक्का बसू नये म्हणून कायद्यातच मर्यादा घातली: राहत्या घरांचा कर पहिल्या वेळी दुपटीपेक्षा जास्त वाढू नये आणि पुढच्या सुधारणेत ४० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ही मर्यादा मला मोलाची वाटते. भाड्यावरच्या पद्धतीतही अशी तरतूद असती तर निम्मे मोर्चे निघालेच नसते.

तरीही नियमांचा वाद न्यायालयात गेलाच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये भांडवली मूल्याच्या नियमांपैकी काही रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्यातला घरमालकाने लक्षात ठेवावा असा मुद्दा म्हणजे मूल्य आजच्या मालमत्तेचे करायचे; उद्या तिथे किती चटई निर्देशांक वापरता येईल, किती मजले उठतील, या शक्यतेवर आज कर घेता येत नाही. दरम्यान, मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. २०१९मध्ये त्यांना फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीचे कर चालू होते. संपूर्ण माफी १ जानेवारी २०२२पासून मिळाली.

बिलात किती कर एकत्र बांधलेले असतात ते यावरून दिसते. सर्वसाधारण कर, जललाभ कर, सफाई आणि मलनिस्सारणाचे कर, अग्निशमन कर, वृक्षकर हे पालिकेचे. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर मात्र १९६२च्या राज्य कायद्याचे आहेत. पालिका ते गोळा करून शासनाकडे भरते. ‘पालिकेला एवढे देतो, तरी दिवे नाहीत’ असे म्हणताना बिलातला काही भाग पालिकेच्या तिजोरीत राहतच नाही, हे माहीत असलेले बरे.

सवलत ही मूल्याइतकीच परिणामकारक गोष्ट आहे, आणि ती किती नाजूक असते ते पुण्याच्या चाळीस टक्क्यांच्या प्रकरणात दिसले. मालक स्वतः राहत असलेल्या घराला भाडेमूल्यात ४० टक्के सवलत पुणे महापालिका १९७०पासून देत आली होती. देखभालीची वजावटही १०ऐवजी १५ टक्के होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, कायद्यात अशी तरतूद नाही असे म्हटले गेले आणि शासनाने २०१९मध्ये सवलत थांबवली. नव्याने घर घेतलेल्यांना तेव्हापासून पूर्ण आकारणीची बिले येऊ लागली. बराच संघर्ष झाल्यावर २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली. पण ती आपोआप सगळ्यांच्या बिलात उतरली नाही. ज्यांना ती मिळत नव्हती त्यांनी पीटी-३ हा अर्ज स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह भरायचा होता. निर्णयाची बातमी सगळ्यांनी वाचली, अर्ज मात्र अनेकांनी भरला नाही, आणि मुदती वाढवाव्या लागल्या. फेरआकारणीच्या वेळी आपली सवलत नव्या यादीत आली आहे का, हे म्हणूनच वेगळे पाहावे लागते. माजी सैनिक, मालक महिला, सौरऊर्जा किंवा गांडूळ खत प्रकल्प अशा सवलती गावागणिक वेगळ्या असतात.

आता हरकतीची प्रक्रिया. नगरपरिषदेत आकारणीची यादी मुख्याधिकारी तयार करून घेतात आणि नगररचना विभागाचे प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ती तपासतात. यादी जाहीर होते. शिवाय ज्यांची आकारणी नवी आहे किंवा वाढली आहे त्यांना स्वतंत्र, विशेष नोटीस द्यावी लागते. महापालिकेतही विशेष नोटिशीचा नियम असाच आहे. नोटीस मिळाली नाही आणि थेट वाढीव बिल आले, तर तो स्वतःच एक मुद्दा आहे, लेखी मांडावा. नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत हरकत लेखी द्यायची, सोबत कागद जोडायचे: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, खरेदीखत किंवा इंडेक्स टू, वीजबिल, जुनी पावती. अर्जाची एक जादा प्रत आवक-जावक विभागात नेऊन तिच्यावर शिक्का आणि तारीख घ्यायची. सुनावणीची तारीख कळवली जाते, तेव्हा स्वतः जायचे किंवा अधिकारपत्र देऊन कोणाला पाठवायचे. सुनावणीत मोजमापाचा वाद असेल तर फेरमोजणी मागावी. त्या वेळी घरी हजर राहावे आणि लिहिलेला आकडा डोळ्यांनी पाहूनच सही करावी.

ही पायरी चुकली तर पुढची दारे बंद होतात, आणि हे पुष्कळांना माहीत नसते. महापालिकेच्या आकारणीविरुद्ध कलम ४०६खाली न्यायालयात अपील करता येते. पण मुदत १५ दिवसांची आहे, आधी पालिकेकडे हरकत घेतलेली असावी लागते आणि मागणी केलेली रक्कम भरावी लागते. नगरपरिषदेच्या हद्दीत मालमत्ता कर अपील समिती असते. अपिलासाठी रक्कम आधी भरावी लागत असल्याने वाद चालू असला तरी ‘निकाल लागेपर्यंत भरणारच नाही’ असे म्हणणे परवडत नाही. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. हक्क राखून भरावे आणि तसे लिहून द्यावे.

दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. एक, घरपट्टी आपल्या नावावर आली की घर आपले झाले. कर आकारणीचा उतारा वापर आणि वसुलीसाठी असतो. त्याने मालकी सिद्ध होत नाही. दोन, विनापरवाना खोलीची पट्टी भरली की ती खोली नियमित झाली. कायद्याने अनधिकृत बांधकामावरही कर घेता येतो, शिवाय महापालिका कायद्यात कलम २६७-अ खाली मालमत्ता कराच्या दुप्पट दंड, म्हणजे शास्तीकर, आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये याच शास्तीकरावर वर्षानुवर्षे राजकारण झाले आणि २०२३मध्ये तो माफ झाला. बांधकाम मात्र त्या माफीने नियमित झाले नाही.

फेरआकारणी मुळात व्हावीच का? जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. जीएसटीनंतर महापालिका शासनाकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून आहेत. स्वतःच्या हक्काचे मोठे उत्पन्न उरले ते हेच. पंधराव्या वित्त आयोगाने तर अनुदानासाठी अटच घातली की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुलीची वाढ राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने व्हावी. तरीही निवडणूक जवळ आली की फेरआकारणीला स्थगिती द्यायची, हा आपल्याकडचा रिवाज आहे. मला तो घातक वाटतो. स्थगितीने वाढ थांबते ती जुन्या नोंदींची. नव्या वस्तीतला फ्लॅटधारक चढ्या दराने भरतच राहतो, आणि दहा-बारा वर्षांनी एकदम आकारणी झाली की पेन्शनवर जगणाऱ्या घरांना झेपणार नाही एवढा बोजा पडतो. दुसरी बाजूही तितकीच खरी. सगळ्या गावाचे एकूण भाडेमूल्य दुप्पट झाले आणि टक्केवारी निम्मी केली, तर गावाची सरासरी पट्टी वाढणार नाही. फक्त घराघरांतली तफावत दुरुस्त होईल. पण मूल्य वाढवल्यावर टक्केवारी खाली आणण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. निवडून आलेल्या सभागृहाने ती घ्यावी आणि नागरिकांनी तसा आग्रह धरावा. प्रशासकांच्या राजवटीत अनेक शहरांत कित्येक वर्षे असा आग्रह धरायला सभागृहच नव्हते.

तेव्हा तुमच्या गावात फेरआकारणी चालू असेल तर दोन कामे करा. पाहणीला माणूस येईल तेव्हा घर उघडे ठेवा, त्याच्यासोबत फिरा आणि त्याने लिहिलेली क्षेत्रफळे स्वतः टिपून घ्या. नोटीस आली की तीच टिपणे तिच्याशी ताडून पाहा आणि फरक असेल तर मुदतीत हरकत द्या. शेजारी एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचा, अडाणी भाडेकरूचा कागदही एकदा वाचून पाहा. चुकीची नोंद ज्यांना सर्वांत जास्त जाचते, त्यांना ती वाचता येण्याची शक्यता सर्वांत कमी असते.